कुंडी क्रमांक चारला हात लावू नये

“काका, मेलेल्या माणसाच्या कुंड्या कुणाच्या असतात?”

हा प्रश्न अनुयाने भर सभेत विचारला. शांतिकुंज सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा खाली पार्किंगमध्ये चालली होती. विषय क्रमांक सात, म्हणजे गच्चीचं वॉटरप्रूफिंग, रिवाजाप्रमाणे पुढच्या वर्षावर ढकलून झाला होता आणि सगळे सभासद विषय क्रमांक आठची, म्हणजे सामोशांची, वाट बघत होते. खरं तर प्रश्न अनुयाचा नव्हताच. जिन्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या चैत्राली आणि हिमानी या तिच्या मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, की विचारून दाखव, नाहीतर नववी संपेपर्यंत तुझं नाव ‘भित्री भागूबाई’. गेल्या जूनपर्यंत अनुया वर्गात ‘प्रेझेंट मॅडम’सुद्धा इतकं हळू म्हणायची की दोनदा तिची गैरहजेरी लागली होती. पण वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आल्यापासून तिच्या घशातलं कुठलंसं झाकण उघडलं होतं, आणि ते परत बसवायचं कसं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

सामोशांच्या खोक्याची दोरी सोडणारे हात थांबले.

“कुठल्या कुंड्या?” सेक्रेटरी हेमचंद्र काकांनी विचारलं. कुठल्या ते त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे सहा मोठ्या मातीच्या कुंड्या ओळीने ठेवलेल्या होत्या. त्या चारशे दोनमधल्या बकुळाबाईंच्या. बकुळाबाईंनी अंबरनाथच्या बाजारात तीस वर्षं भाजी विकून, एकटीच्या जिवावर, चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता, आणि दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्या गेल्या. तेव्हापासून फ्लॅटला कुलूप होतं आणि कुंड्यांना कोणी हात लावला नव्हता. पाणीही घातलं नव्हतं. तरी दोन उन्हाळे तापून त्या मातीला एक भेग पडली नव्हती. ही गोष्ट प्रत्येकाने वाळत घातलेले कपडे काढताना पाहिली होती आणि प्रत्येकाने स्वतःपाशीच ठेवली होती.

हेमचंद्र काकांनी चष्मा पुसला. त्यांनी सरकारी नोकरीत एकतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली होती. जगात जे काही घडतं ते एकतर आवक असतं नाहीतर जावक, असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. “रेकॉर्डप्रमाणे,” ते म्हणाले, “चारशे दोनचं हस्तांतर झालेलं नाही. त्यांचा मुरबाडचा पुतण्या कागदपत्रं घेऊन आलाच नाही. सबब, बकुळाबाई आजही या सोसायटीच्या सभासद आहेत.”

“मयत सभासद,” मागून कोणीतरी दुरुस्ती सुचवली.

“मयत असा रकाना आपल्या रजिस्टरात नाही,” काका म्हणाले. “कुंड्या त्यांच्याच. तुला कशाला हव्यात?”

आता खरं कारण असं की कशालाही नको होत्या. पण शंभर डोळे रोखलेले असताना वक्तृत्वात दुसरी आलेली मुलगी ‘काही नाही’ म्हणत नाही. अनुयाच्या तोंडून निघून गेलं, “गाजरं लावायला.” का गाजरंच, ते देव जाणे. कोथिंबीर म्हणाली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

“अर्ज कर,” काका म्हणाले. “एक प्रत सोसायटीला, एक संबंधित सभासदाला. पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर संमती आहे असं धरता येतं.”

सभेत अनुयाचे आईबाबा बसले होते, त्यामुळे घरी पोचेपर्यंत गाजरांचा विषय तिच्या आधीच जेवणाच्या टेबलावर जाऊन बसला. बाबा, म्हणजे देवदत्त प्रधान, एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते आणि घरातही त्यांची नजर कायम माल तपासण्याची असे. अनुयाने सुरू करून सोडलेल्या गोष्टींची यादी त्यांना तोंडपाठ होती: अबॅकस, स्केटिंग, हस्ताक्षर; आणि ऑलिम्पियाड, कीबोर्ड, जर्मन हे क्लास अजून चालू होते. आई, मालिनी, हिचं मत असं की या मुलीला दहावीसाठी ठाण्याला आत्याकडेच ठेवायला हवी. तिथे चांगले क्लास होते, शिस्त होती आणि रात्री साडेसातला टीव्ही बंद करून रिमोट कपाटात कुलूपबंद करणारी आत्या होती.

“गाजरं!” बाबा हसले. “ही? एप्रिलपर्यंत कुंड्यांमध्ये शेवाळं येईल.”

“संक्रांतीपर्यंत येतील,” अनुया म्हणाली. झाकण उघडंच होतं. “आईच्या सुगडांत माझी गाजरं असतील. पैज!”

बाबांनी लगेच कागद घेतला. क्वालिटीवाल्या माणसाला तोंडी काही पटत नाही. अटी तीन ठरल्या. गाजर अर्जदाराने स्वतः वाढवलेलं असावं. भोगीच्या दिवशी काढलेलं असावं. आणि सुगडात, म्हणजे संक्रांतीला वाण म्हणून देतात त्या इवल्याशा काळ्या मडक्यात, घालण्याजोगं असावं. अटी पुऱ्या झाल्या तर अनुया अंबरनाथला राहील. नाहीतर एप्रिलमध्ये ठाणं. अनुयाने सही केली तेव्हा तिला वाटलं, गाजर ते काय! जमिनीत जातं, वर येतं. स्केटिंगपेक्षा तर सोपंच.

अर्ज तिने शाळेत शिकवला तसा लिहिला. ‘प्रति, श्रीमती बकुळाबाई, ४०२, यांस.’ मग विषय, मग ‘महोदया’. शेवट शिकवला तसाच केला, कारण त्या शेवटाला दोन मार्क असतात: ‘तरी आपल्या कुंड्या क्रमांक १ ते ६ वापरण्यास परवानगी द्यावी व योग्य ते मार्गदर्शन आणि सहकार्य करावे, ही नम्र विनंती.’ अर्जाचा असला शेवट आजवर महाराष्ट्रात कोटी लोकांनी लिहिला असेल आणि तो एकानेही मनापासून घेतलेला नाही, यावरच तर आपली सगळी कार्यालयं सुखाने चालली आहेत.

तिघी मैत्रिणी चारशे दोनच्या दारापाशी गेल्या. अनुयाने कागद दाराखाली सरकवला. अर्धा आत गेला. उरलेला अर्धा तिने ढकलायच्या आत गेला.

“वारा असेल,” चैत्राली म्हणाली आणि दोन मजले एका दमात उतरली.

पंधरा दिवस गेले, हरकत आली नाही. सोळाव्या दिवशी अनुया कामाला लागली. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये हिमानीच्या पप्पांचं बादल्या-टबांचं दुकान होतं. शेजारच्या दुकानातून देशी लाल गाजराच्या बियांचं पाकीट हिमानीने आणलं. बदलापूरच्या एका नर्सरीतून शेणखताचं पोतं रिक्षाने आलं. रिक्षावाला अख्ख्या रस्त्यात मान बाहेर काढून बसला होता आणि पोतं उतरवताना म्हणाला, “ताई, पुढच्या वेळी टेम्पो बघा.” मातीत खडा राहिला तर गाजराला फाटे फुटतात असं अनुयाने मोबाईलवर वाचलं होतं, म्हणून तिने सहाही कुंड्यांची माती आणि ते खत आईच्या पिठाच्या चाळणीने चाळलं. चाळणी धुऊन जागेवर ठेवली. धुतली होती, हे तिने नंतर तीनदा शपथेवर सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी पोळीचा डबा उघडताच बाबांच्या ऑफिसात चौघांनी खिडक्या उघडल्या आणि एकाने कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरला फोन लावला. त्या आठवड्यात घरात पाव होता.

सल्ल्यांना तोटा नव्हता. तळमजल्यावरून ताक आलं, पहिल्यावरून अंड्याची टरफलं आली, आणि टरफलं आणि ताक एका कुंडीत घालायला दुसऱ्या मजल्याने हरकत घेतली. चारशे एकच्या अंजनी काकूंनी मात्र सल्ला दिला नाही. त्या बकुळाबाईंच्या समोर बारा वर्षं राहिल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “लाव बाई. पण भर बारा वाजता गच्चीवर जाऊ नकोस. ती त्यांची वेळ.”

“कसली वेळ?”

“बाजारातून माल विकून यायच्या ना, बाराला. दातांना मिश्री लावायच्या, मग दोनपर्यंत कुंड्या.” काकूंनी कडी लावून घेतली.

बिया जिऱ्यापेक्षा बारीक. अनुयाने चिमूट-चिमूट पेरायच्या त्या मूठ-मूठ पेरल्या, आणि पाकीट संपलं तेव्हाच थांबली. दहा दिवसांनी सहाही कुंड्यांवर हिरवी लव उगवली. हिरवळच म्हणा. मोबाईलने सांगितलं, आता विरळणी करा. दोन-दोन बोटांवर एक रोप ठेवा, बाकीची उपटा. अनुया कुंडीसमोर बसली. एक रोप दोन बोटांत धरलं. ते इतकं लहान, इतकं ताठ, त्याने काय बिघडवलं होतं? तिने सोडून दिलं. दुसरं धरलं, तेही सोडलं. अर्ध्या तासात तिने एकही रोप उपटलं नाही, उलट दोघा-तिघांना नावं ठेवली. उद्या बघू म्हणून खाली आली, गच्चीला कुलूप लावलं, किल्ली हेमचंद्र काकांना दिली आणि किल्लीच्या रजिस्टरात वेळ लिहून सही केली. किल्ली एकच. सहीशिवाय ती मिळत नसे, अगदी डिश-टीव्हीवाल्यालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर ती जेवूनखाऊन वर गेली, तर सहाही कुंड्यांची विरळणी झालेली होती.

बरोबर दोन-दोन बोटांवर एकेक रोप. प्रत्येक रोपाभोवतीची माती अंगठ्याने दाबलेली. आणि उपटलेली रोपं कठड्यावर वर्तमानपत्राच्या घडीवर एका ओळीत मांडलेली, सगळ्यांची मुळं एकाच बाजूला. ऊन रणरणत होतं. एमआयडीसीकडून रोज येतो तो आंबूस वास त्या दिवशी नव्हता. भाजलेल्या मिश्रीचा होता.

अनुया ज्या वेगाने खाली आली त्याला उतरणं म्हणत नाहीत. हेमचंद्र काकांनी रजिस्टर पाहिलं. कालच्या तिच्या सहीनंतर आजची तिचीच सही. “मधे कोणी नाही,” ते म्हणाले. “तूच केलं असशील आणि विसरली असशील. नववीत होतं असं.”

अंजनी काकूंनी मांडणी ऐकली आणि हातातला तांब्या खाली ठेवला. “मुळं एका बाजूला?”

“हो.”

“सगळी?”

“सगळी.”

“बकुळाबाई अशाच मांडायच्या. मी एकदा दाट मेथी पेरली तर मला म्हणाल्या, ‘पोरी, दाटी केलीस तं कुनालाच अंग धरता येत नाय.’ आणि माझ्या देखत निम्मी उपटली. मला रडू आलं होतं गं.” मग काकू हळूच म्हणाल्या, “अनुया, तू त्यांना काय लिहिलं होतंस?”

अनुयाला अर्जाचा शेवट आठवला. दोन मार्कांचा. मार्गदर्शन आणि सहकार्य.

दुसऱ्या एखाद्या मुलीला नुसती भीती वाटली असती. अनुयालाही वाटली. रात्री ती आईच्या खोलीत गादी टाकून झोपली आणि कारण विचारल्यावर ‘उकडतंय’ म्हणाली, नोव्हेंबरात. पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते सकाळपर्यंत भीतीपेक्षा मोठं झालं. तिला अपमान वाटत होता. तिला जे काम अर्ध्या तासात एका रोपाचंही जमलं नाही, ते कोणीतरी येऊन, न विचारता, सुबक करून गेलं होतं. शिवाय कागदावर पहिलीच अट होती: ‘स्वतः वाढवलेलं.’ बाबांना कळलं तर? त्यांना भूत चाललं असतं, पण दुसऱ्याने केलेलं काम नसतं चाललं.

“अरे यार, तू पागल आहेस,” हिमानी म्हणाली. “भूत फुकट में काम कर रहा है और तुला प्रॉब्लम आहे? आमच्या कॅम्प दोनमध्ये ये म्हणावं. पप्पा कबसे माणूस शोधतायत.”

“पण मग ती गाजरं माझी नाहीत ना!”

“कोण बघतंय?”

“तेच तर,” चैत्राली म्हणाली. “कोण बघतंय ते माहीत नाही ना आपल्याला.” तिच्या हातातला वेफर तसाच राहिला.

रविवारी पावणेबाराला तिघी गच्चीवर गेल्या आणि टाकीच्या सावलीत दाटीने बसल्या. खाली कुठेतरी कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, शेजारच्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी गाद्या झोडपत होतं. बारा वाजले तसं एकेक बंद होत गेलं. आधी गाद्या. मग कुकर. मग रस्त्यावरच्या रिक्षा. आवाज कमी होत नव्हते, एकेक करून कोणीतरी काढून ठेवत होतं. दोरीवरची चादर वाऱ्याने हलत होती, तीही थांबली. कुंड्या जिथल्या तिथे होत्या. तिघींनी पापणी न हलवता पाहिलं. काही नव्हतं. मिश्रीचा वास तेवढा आला, आणि चैत्रालीला शिंक.

एकच शिंक. तिघींचे डोळे मिटले असतील ते तेवढ्यापुरते.

उघडले तेव्हा कठड्यावर वर्तमानपत्राची घडी होती आणि तिच्यावर तणाच्या चार काड्या, मुळं एका बाजूला. पहिल्या कुंडीची माती नुकती भिजली होती. पाणी अजून मातीत जिरत होतं, त्याचा बारीक आवाज येत होता. दुसऱ्या कुंडीतलं एक पान हललं, जसं बाजूला सारल्यावर हलतं.

हिमानी सिंधीत काहीतरी पुटपुटत उठली. ती दारापर्यंत कशी गेली ते कोणी पाहिलं नाही. चैत्राली अनुयाचा हात ओढत होती. पण अनुया हलली नाही, कारण आता तिचं डोकं फिरलं होतं. माणूस कितीही घाबरला तरी त्याचा गृहपाठ दुसऱ्याने केला की एक क्षण असा येतो.

“बकुळाबाई,” ती मोठ्याने म्हणाली. आवाज चिरकला, पण निघाला. “तुमचे आभार. पण एक तरी कुंडी माझी मला राहू द्या!”

खाली कुकरची शिट्टी झाली.

त्या संध्याकाळी तिने रीतसर दुसरा अर्ज लिहिला. पहिल्या अर्जाने जे झालं होतं ते अर्जानेच निस्तरायला हवं, एवढं तिला सोसायटीत राहून कळलं होतं. ‘विषय: कुंडी क्रमांक चारबाबत. महोदया, कुंडी क्रमांक चारला कृपया हात लावू नये. तीत अर्जदार स्वतः प्रयोग करीत आहे. बाकी पाच कुंड्यांबाबत अर्जदाराची हरकत नाही.’ या वेळी तिने शेवटी सहकार्याची विनंती केली नाही. नुसतं ‘कळावे’ लिहिलं. चौथ्या कुंडीत बियांचं दुसरं पाकीट पेरलं आणि कागद तिच्या काठाखाली दाबून ठेवला.

दुसऱ्या दिवशी कागद तिथेच होता. खालच्या कोपऱ्यात, सही करतात त्या जागी, ओल्या मातीचा अंगठा उमटला होता.

अनुयाने कागद दोन बोटांच्या चिमटीत धरून हेमचंद्र काकांकडे नेला. काका जेवत होते. त्यांनी हात धुतला, कागद वाचला, आणि कपाटातून सभासदांचं जुनं रजिस्टर काढलं. चारशे दोनच्या पानावर, सही या रकान्यात, सही नव्हती. शाईचा अंगठा होता. डावा. त्यावरून आडवी एक रेघ गेली होती, विळ्याने कापल्याची असावी तशी. कागदावरच्या मातीच्या अंगठ्यावरूनही तशीच, तिथेच, तेवढीच रेघ गेली होती.

काकांच्या कपाळावर घामाचा एक थेंब आला आणि चष्म्याच्या काडीपाशी अडला.

“आता काय करायचं, काका?” अनुयाने विचारलं.

काकांनी भिंगातून दोन्ही अंगठे पुन्हा पाहिले. एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावर अनेक चमत्कारिक कागद आले होते आणि त्या सगळ्यांवर इलाज एकच होता. त्यांनी शिक्का काढला. शिक्का थोडा तिरपा पडला. “आवक क्रमांक सदतीस,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “पोच मिळालेली आहे. रीतसर आहे.” मग कागद फाईलला लावता लावता, फार हळू, जणू स्वतःलाच, “फार व्यवस्थित बाई होती.”

त्या दिवसापासून काकांनी दुपारी बारा ते दोन किल्ली देणं बंद केलं. नोटीस लावली: ‘या वेळेत गच्ची वापरात असते.’ कोणाच्या, ते लिहिलं नाही. कोणी विचारलंही नाही.

आणि बकुळाबाईंनी शब्द पाळला. पाच कुंड्यांमधली माती रोज खुरपलेली असे, पाला गुडघ्याएवढा झाला, हिरवागार, एका उंचीचा. चौथ्या कुंडीला कोणी बोट लावलं नाही. अनुया रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसे आणि रोज विरळणी उद्यावर ढकले. एकदा तिने डोळे मिटून एक रोप उपटलं, ते हातात घेऊन पाहिलं आणि परत लावलं. दोन महिने चौथी कुंडी गच्च दाट राहिली, पोरांनी भरलेल्या व्हॅनसारखी, आणि शेजारच्या पाच कुंड्या तिच्याकडे न बघता वाढत राहिल्या. बाबा अधूनमधून वर येत आणि पाच कुंड्या पाहून भुवया उंचावत. “मानलं,” एकदा ते म्हणाले. अनुयाला तो शब्द रात्रभर टोचला. तिला आयुष्यात बाबांकडून ‘मानलं’ पहिल्यांदा मिळालं होतं आणि ते तिचं नव्हतं.

भोगीच्या दिवशी बाबांनी अर्धी रजा टाकली. आईने पाच सुगडं धुऊन पालथी घातली होती, हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाचे करवे निवडून ठेवले होते. फक्त गाजरं यायची होती. दोन वाजून पाच मिनिटांनी, नोटिशीचा मान राखून, हेमचंद्र काकांनी किल्ली दिली आणि साक्षीदार म्हणून स्वतःही निघाले. चैत्राली आणि हिमानी मागोमाग होत्या. अंजनी काकू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबल्या, त्यांनी गच्चीवर पाय ठेवला नाही. बाबांनी स्वतःच्या हाताने कुलूप उघडलं.

पाच कुंड्या रिकाम्या होत्या. कठड्यावर वर्तमानपत्रं अंथरली होती आणि त्यांवर तीस गाजरं एका ओळीत मांडली होती, सरळ, लालभडक, मनगटाएवढी. सगळ्यांची टोकं एकाच बाजूला.

“अरे वा!” बाबा ओरडले. “आधीच काढून, धुऊन, मांडूनसुद्धा ठेवलीस? हा काय माल आहे! पास! शंभर टक्के पास!”

आई हसली. तिने ओळीपाशी जाऊन एका गाजराला हात लावला आणि चटकन मागे घेतला. गाजरावरून पाण्याचा थेंब ओघळून वर्तमानपत्रावर पडला. मग दुसऱ्यावरून. “ही तर आत्ता धुतलीयत,” ती म्हणाली. “अनू, तू तर खाली माझ्याजवळ होतीस.”

“हो म्हण,” मागून हिमानी कुजबुजली. “अगं, हो म्हण ना. ठाणा कॅन्सल!”

एका शब्दाचं काम होतं. अनुयाने बाबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर ते ‘मानलं’ अजून होतं, चांगलं ऐसपैस पसरलेलं. मिश्रीचा वास दाट झाला होता, कोणीतरी अगदी खांद्याशी उभं राहिल्यावर येतो तेवढा.

“मी नाही काढली,” ती म्हणाली. “मी नाही वाढवली. मी फक्त चार नंबरची वाढवली.”

बाबा हसायला लागले आणि मधेच थांबले. त्यांनी हातातल्या कुलपाकडे पाहिलं, जे त्यांनीच आत्ता उघडलं होतं. मग हेमचंद्र काकांकडे पाहिलं. काकांनी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे धरलं, पान रिकामं होतं. आई, जी भुताखेतांना अज्ञान म्हणते, तिने पदर डोक्यावरून घेतला आणि त्या ओळीला वाकून नमस्कार केला.

अनुया चौथ्या कुंडीपाशी बसली. पाला दोन्ही हातांत धरला आणि ओढला. मातीचा गोळाच वर आला. आत साठ-सत्तर गाजरं होती, सुतळीएवढी, एकमेकांना वेटोळे घालून, काही दोन पायांची, काही तर दुसऱ्याच्या गळ्यात हात टाकलेली. सोडवता सोडवता बोटभर जाडीची म्हणावी अशी पाच निघाली. वाकडी, केसाळ. तिने ती फ्रॉकला पुसून आईपुढे धरली.

बाबांनी घसा साफ केला. त्यांना आता निदान या कामात तरी आधार वाटत होता. “सहा कुंड्यांपैकी एक. त्या एकीतही नव्वद टक्के रिजेक्ट. म्हणजे अनू, अटींप्रमाणे बघितलं तर…”

“मी तुझ्या ठाण्याच्या आत्यांना फोन केलाय,” आई म्हणाली. आवाज अजून पदराआडून येत होता. “सव्वीस जानेवारीला त्या तुला तुझी खोली दाखवायला नेणार आहेत. एवढं सगळं झाल्यावर तर, बाई, तू इथे नकोच.”

अनुया उठून उभी राहिली. गुडघ्यांना माती होती, हातात पाच गाजरं होती आणि आवाज अजिबात चिरकला नाही.

“आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या सुगडांत ही पाचच जाणार. मडकी एवढीशी, ती मनगटाएवढी गाजरं कापल्याशिवाय मावणारच नाहीत, ही अख्खी मावतील. म्हणजे अट पुरी. पण मी अटीमुळे राहत नाहीये. ही अशी का झाली ठाऊक आहे? एका कुंडीत मी अख्खं पाकीट पेरलं आणि एक रोप उपटलं नाही. तुम्हीही तेच केलंत. ऑलिम्पियाड, कीबोर्ड, अबॅकस, जर्मन, स्केटिंग, हस्ताक्षर, आणि आता वरून ठाणं. माझ्यात तुम्ही फार दाट पेरलंय. मग त्यातलं काय अंग धरणार? म्हणून आता मी विरळणी करतेय. ऑलिम्पियाड उपटलं, कीबोर्ड उपटलं, जर्मन उपटलं, ठाणंही उपटलं. शाळा ठेवली आणि गच्ची ठेवली. आत्याला फोन मीच करते.”